देणे थकलेल्याची देणगी: नाशिकच्या चर्च समित्यांना खुले पत्र

प्रति,
नाशिक शहर व जिल्ह्यातील चर्चचे पाळक, फादर, विश्वस्त, पास्टोरेट कमिट्या आणि धर्मग्रामांच्या वित्त समित्या

सप्रेम सलाम.

शहरातल्या एका चर्चच्या समितीने नव्या सभागृहासाठी एका गृहस्थाची मोठी देणगी स्वीकारण्याचा ठराव नुकताच मंजूर केला. हे गृहस्थ लोकांकडून ठेवी घेणारी योजना चालवत होते. ठेवींच्या मुदती उलटून गेल्या आहेत, पैसे परत मिळालेले नाहीत, आणि खेटे घालणाऱ्या ठेवीदारांत त्याच चर्चच्या मंडळीचे काही सभासदही आहेत. ठरावात देणगीदाराचे आभार आहेत, कोनशिलेचा मजकूर आहे, सभागृहाला द्यायचे नाव आहे. पैसा कोठून आला याबद्दल एक ओळ नाही. चर्चचे आणि त्या गृहस्थांचे नाव आम्ही येथे घेत नाही. गुन्हा ठरवणे न्यायालयाचे काम आहे. शिवाय उद्या हाच ठराव दुसऱ्या एखाद्या समितीपुढे येणार हे आम्हाला दिसते आहे, म्हणून पत्र सगळ्यांना लिहिले आहे.

आम्ही चर्चचे हिशेब लिहिणारे आणि तपासणारे लोक आहोत. आमचा संबंध सरळ आहे. ताळेबंदाखाली सही खजिनदाराची असते, नोटीस विश्वस्तांच्या नावाने येते, आणि पैसे भरायची वेळ आली की ते जातात रविवारच्या अर्पणातून. म्हणजे ज्या बाईने थैलीत वीस रुपये टाकले तिच्या खिशातून.

दोन गोष्टी आधीच वेगळ्या करू, नाहीतर चर्चा लगेच "आपण सगळेच पापी" या वाक्यावर येऊन थांबते. देणारा पापी आहे का, हा आमचा प्रश्न नाही. दारू सुटत नसलेला माणूस, तुरुंगातून सुटून आलेला, बारमध्ये वाढप्याचे काम करणारा, कोणीही शंभराची नोट अर्पणात टाकली तर ती घ्यावी आणि एक शब्द विचारू नये. तो पैसा त्याच्या घामाचा आहे. आमचा प्रश्न इतकाच, की दिला जाणारा पैसा देणाऱ्याचा आहे का? ठेवीदाराचा, पगार थकलेल्या मजुराचा किंवा ताबा न मिळालेल्या फ्लॅटधारकाचा पैसा ज्याच्या हातात आहे तो माणूस तो दान करू शकत नाही. त्याच्या हातात फक्त परत करणे उरते.

लोकांना लुबाडणाऱ्या जकातदार जक्कयाची गोष्ट प्रत्येक संडे स्कूलमध्ये झाडासकट शिकवली जाते, पण तिच्यातला हिशेबाचा भाग घाईत उरकला जातो. लूक १९:८ मध्ये जक्कय अर्धी मालमत्ता गरिबांना द्यायचे म्हणतो आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करायचे म्हणतो. मंदिराच्या खजिन्याला काही देण्याचा तेथे उल्लेख नाही. येशू त्याच्याकडे पाहुणा म्हणून उतरला, हेही खरेच. तेव्हा त्या गृहस्थांच्या घरी पाळकांनी जरूर जावे, त्यांच्यासाठी प्रार्थना करावी, चहा घ्यावा. धनादेश मात्र तेथेच ठेवून यावे. मत्तय ५:२३-२४ मध्ये तर क्रमच सांगितला आहे: दान वेदीपुढे ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग येऊन दान अर्पण कर.

समित्यांच्या बैठकीत यावर जी उत्तरे येतात ती आम्हाला पाठ आहेत.

"पैशाला रंग नसतो." नाशिककरांना हे वेगळे सांगायला नको, नोटा आपल्याच नाशिकरोडच्या छापखान्यात छापल्या जातात आणि बाहेर पडताना सगळ्या सारख्याच असतात. पण नोट कोणाच्या घरातून निघून कोणाच्या खात्यातून आली, हे बँकेच्या उताऱ्यावर लिहिलेले असते. तो उतारा वाचता येणारे लोक आता प्रत्येक समितीत आहेत.

"गरिबांच्या कामाला लागला की शुद्ध झाला." हा युक्तिवाद नवा नाही. तिसऱ्या-चौथ्या शतकांतल्या सिरियाकडच्या चर्च-नियमावल्यांत बिशपांनी कोणाकडून अर्पण घेऊ नये याची यादीच आहे: गुलामांना छळणारे, खोटी मापे वापरणारे, व्याजखोर. या पैशातून विधवांना जेवू घालण्यापेक्षा उपासमार पत्करा, असे तेथे बजावले आहे. अगदी नाइलाजाने तो पैसा घ्यावाच लागला तर त्यातून लाकूड-कोळसा घ्या, पण विधवा-अनाथांच्या ताटात तो जाऊ देऊ नका. इतका बारीक विचार त्या लोकांनी केला होता, आणि त्यांच्याकडे ना पॅन होता ना लेखापरीक्षक. दुसऱ्या शतकात मार्सियन नावाच्या जहाजमालकाने रोमच्या मंडळीला २ लाख सेस्टर्स (रोमन नाणी) दिले होते. मतभेदांवरून त्याला मंडळीबाहेर काढले तेव्हा रक्कम त्याला परत केली गेली, असे तर्तुलियन या प्राचीन ख्रिस्ती लेखकाने नोंदवले आहे. परत करता येत नाही असे म्हणणाऱ्यांसाठी हे लिहिले.

"मुख्य याजकांनीसुद्धा यहूदाचे तीस रुपये वाया घालवले नाहीत, कुंभाराचे शेत घेतलेच ना?" घेतले. खजिन्यात टाकायला नको, पण परक्यांच्या दफनभूमीला चालेल, असा मार्ग त्यांनी काढला. आमच्याकडेही "चर्चच्या खात्यात नको, सभागृहाच्या खात्यात चालेल" असे म्हटले जाते. फक्त एवढे आठवावे, की येशूला धरून देण्यासाठी यहूदाला ते पैसे मोजून देणारे तेच याजक होते. त्यांना आदर्श मानायचे का, हे समितीने ठरवावे.

"आपण नाही घेतला तर दुसरे चर्च घेईल." हे खरे आहे.

मराठी ख्रिस्ती मंडळींना जवळचे एक उदाहरण आहे. १९०५ साली जॉन डी. रॉकफेलर यांनी अमेरिकन बोर्ड या मिशन संस्थेला १ लाख डॉलर दिले. हीच संस्था अहमदनगर भागात अमेरिकन मराठी मिशन चालवत होती, रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ज्या मिशनमध्ये काम केले ते हेच. त्याच पंथाचे पाळक वॉशिंग्टन ग्लॅडन यांनी देणगीला जाहीर विरोध केला. रॉकफेलर यांच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीने प्रतिस्पर्ध्यांना चिरडून जो पैसा केला तो चर्चने घेतला तर त्या पद्धतीविरुद्ध बोलायला चर्चला तोंड उरणार नाही, असे त्यांचे म्हणणे. बोर्डाचे पदाधिकारी आधी देणगी आपसूक आल्यासारखे वागले. मग बाहेर आले की ती बोर्डाने स्वतः मागितली होती. पैसे परत गेले नाहीत. आमच्या मते त्या वादात बोर्डाची खरी नामुष्की पैसे घेण्यापेक्षा ती मागणी लपवण्यात होती. म्हणून पुढे आम्ही "देणगी कोणी मागितली" हा रकाना मागितला आहे.

आणि "दहा वर्षांनी कोणाला आठवते?" असे विचारणाऱ्यांसाठी. इंग्लंडच्या चर्चच्या निधीतला काही भाग अठराव्या शतकात साउथ सी कंपनीत, म्हणजे गुलामांच्या व्यापारात गुंतवलेला होता. जानेवारी २०२३ मध्ये त्या चर्चच्या निधी सांभाळणाऱ्या मंडळाने हे अहवालात जाहीर केले आणि १० कोटी पौंडांच्या निधीची घोषणा केली. आठवायला सुमारे तीनशे वर्षे लागली, पण आठवले. नाशिकमध्ये तर याची दुसरी बाजू आहे. एकोणिसाव्या शतकात अरबी समुद्रातल्या गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुले आपल्या शरणपूरला आणून शिकवली गेली. त्यांच्यापैकी जेकब वेनराइट हे आफ्रिकेत फिरलेले मिशनरी लिव्हिंग्स्टन यांचा मृतदेह घेऊन इंग्लंडपर्यंत गेले. एकाच चर्च-परंपरेत एकीकडे गुलामांच्या व्यापाराचा नफा आणि दुसरीकडे सुटलेल्या गुलामांचा सांभाळ. शरणपूर रोडवरून रोज जाणाऱ्यांनी हे विसरण्याचे कारण नाही.

गरज आहे, हे आम्ही नाकारत नाही. जुन्या दगडी चर्चची कौले दर पावसाळ्याआधी चाळावी लागतात, वासे कुजलेले असतात, पाळकांचे वेतन आणि डायोसिसचा (बिशपांच्या अखत्यारीतल्या विभागाचा) वाटा दर महिन्याला उभा असतो. परदेशी निधीचे नियम २०२० नंतर इतके आवळले गेले, की तो पैसा आता दिल्लीच्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेतल्या खात्यात यावा लागतो आणि एका संस्थेकडून दुसऱ्या संस्थेला देताच येत नाही. अशा वेळी कोणी पंचवीस लाखांचा शब्द टाकला, की समितीचा जीव विरघळतो. हे समजण्यासारखे आहे. पुढच्या तक्रारी समजण्यासारख्या नाहीत.

पहिली आणि सर्वात मोठी तक्रार ठेवींच्या पैशाबद्दल. महाराष्ट्रात १९९९ पासून ठेवीदारांच्या हितसंबंधांच्या संरक्षणाचा कायदा आहे. सगळे त्याला एमपीआयडी म्हणतात. ठेवी परत न करणाऱ्या संस्थेची आणि तिच्या चालकांची मालमत्ता या कायद्याखाली जप्त होते, हे बहुतेकांना माहीत आहे. समित्यांना माहीत नसलेला भाग पुढचा आहे. जप्त केलेली मालमत्ता देणी भागवायला कमी पडली, आणि संस्थेने आपली मालमत्ता सद्भावनेने व मोबदला घेऊन न देता दुसऱ्या कोणाकडे वळवली असे मानायला विशेष न्यायालयाला कारण दिसले, तर ज्याच्याकडे ती गेली त्याला नोटीस निघते. तेवढ्या किमतीची तुमची मालमत्ता का जप्त करू नये, असे त्याला विचारले जाते. आता देणगीचा विचार करा. देणगीला मोबदला नसतोच. म्हणून तर ती देणगी. आणि योजना बुडाल्याची बोंब मंडळीत झाल्यावर घेतलेल्या पैशाबद्दल सद्भावना सिद्ध करणे कोणत्याही वकिलाला जड जाईल. "आम्हाला ठाऊक नव्हते" म्हणणाऱ्या समितीच्या इतिवृत्तात ठेवीदार सभासदाने घेतलेला आक्षेप नोंदवलेला असेल, तर तोच कागद विरोधी वकील वाचून दाखवेल. आक्षेप नोंदवूच नये, असा शहाणपणाचा सल्ला आम्ही एका बैठकीबद्दल ऐकला. तो सल्ला देणाऱ्याला समितीत ठेवू नये.

प्रकरण मनी लाँडरिंग कायद्याखाली गेले तर गुन्ह्यातून आलेली मालमत्ता ज्याच्या ताब्यात असेल त्याच्याकडूनही तात्पुरती जप्त करता येते, १८० दिवसांपर्यंत. पैसा सिमेंट-सळईत गेला असेल तर तेवढ्या किमतीचे दुसरे काहीतरी पाहिले जाते. अर्धवट सभागृह, गोठलेले खाते आणि पगाराची तारीख, हे तिन्ही एका महिन्यात आले तर काय होते ते वेगळे सांगायला नको.

येथे एक बारकावा. धनादेश कोणाच्या खात्याचा आहे ते पाहा. देणगीदार म्हणून पावतीवर व्यक्तीचे नाव आणि धनादेश मात्र फर्मच्या किंवा सोसायटीच्या खात्याचा, असे सर्रास असते. फर्मच्या खात्यातला पैसा मालकाचा असतोच असे नाही. खाजगी कंपनी असेल, आणि त्या वर्षातल्या अशा देणग्या मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त होत असतील, तर कंपनीच्या सर्वसाधारण सभेची आधी परवानगी लागते. त्या ठरावाची प्रत मागा. प्रामाणिक देणगीदार ती पंधरा मिनिटांत पाठवतो.

दुसरी तक्रार पावतीपुस्तकाची. एका व्यक्तीकडून एका दिवसात, एका व्यवहारात किंवा एकाच प्रसंगासाठी २ लाख रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. घेतले तर तेवढाच दंड, आणि तो घेणाऱ्याला. हे टाळण्यासाठी एकाच माणसाची रक्कम वीस सभासदांच्या नावाने फोडली जाते. त्या वीस जणांना विचारलेलेही नसते. पुढे चौकशीत एखादी निवृत्त शिक्षिका सांगते की मी अशी देणगी दिलेलीच नाही, आणि मग खोटी पावती हा वेगळा विषय सुरू होतो. काही ठिकाणी कापणीच्या सणाच्या लिलावात एका भोपळ्याला लाखाची बोली लागते. सभा टाळ्या वाजवते. बोली लावणाऱ्याचे नाव मात्र वहीत "एक हितचिंतक" असे येते. हितचिंतकाला नाव, पत्ता आणि पॅन असतो.

केवळ धार्मिक न्यासाला निनावी देणगीवरच्या कराची सूट आहे, म्हणून समित्या निर्धास्त असतात. त्याच न्यासाची शाळा किंवा दवाखाना असेल, तो धार्मिक व धर्मादाय दोन्ही असेल, आणि देणगी शाळेसाठी म्हणून दिलेली असेल, तर ठरावीक मर्यादेपलीकडच्या निनावी रकमेवर ३० टक्के कर बसतो. याच्या उलटही होते: करसवलत मिळावी म्हणून देणगीदाराला शाळेच्या संस्थेची पावती फाडून देतात आणि पैसा चर्चच्या बांधकामाला लावतात. हे करू नका. शाळेच्या नावाने घेतलेला पैसा शाळेवरच खर्च झाला पाहिजे. आणि दहा लाखांचा धनादेश घेऊन नऊ लाख रोख परत मागणारा माणूस देणगीदार नसतो. तो तुमचे खाते वापरायला आलेला असतो. असे विचारणारे येतात, हे प्रत्येक जुन्या खजिनदाराला माहीत आहे.

वस्तूंच्या देणग्या तर वहीत दिसतच नाहीत. फरशी आली, जनरेटर आला, ध्वनिक्षेपक आले, ठेकेदाराचे बिल कोणीतरी परस्पर भागवले. इमारत उभी राहते आणि हिशेबात तिची किंमत निम्मीच दिसते. उरलेली निम्मी कोणाची, हे पुढच्या लेखापरीक्षकाने कसे ओळखावे?

तिसरी तक्रार जमिनीची, आणि हिच्याबद्दल बोलायला लोक घाबरतात. नाशिकमध्ये चर्चच्या जुन्या जमिनी मोक्याच्या जागी आहेत आणि सिंहस्थ जवळ आला की भाव आणखी चढतात. सार्वजनिक न्यासाची स्थावर मालमत्ता विकायला, किंवा ठरावीक मुदतीपेक्षा जास्त काळासाठी भाड्याने द्यायला, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. हा अर्ज प्रलंबित असताना, किंवा करायचे घाटत असताना, त्याच जमिनीत रस असलेल्या बिल्डरकडून रंगकामाला देणगी घेणे म्हणजे काय, ते उघड आहे. ती देणगी पाच हजारांची असली तरी आमचा विरोध आहे.

चौथी, निवडणुकीची. उमेदवार खुर्च्या देतो, पंखे देतो आणि रविवारी दोन शब्द बोलू द्या म्हणतो. धार्मिक संस्थेची जागा आणि निधी राजकीय कामाला वापरू नये असा १९८८ पासून केंद्रीय कायदा आहे. यात चर्चा करण्यासारखे काही नाही.

कायद्याने चालणाऱ्या पण मनाला न पटणाऱ्या धंद्यांबद्दल आमच्यातच एकमत नाही, ते लपवत नाही. द्राक्षबागायतदाराचा आणि वायनरीतल्या कामगाराचा दशांश आम्ही सगळे घेऊ. वायनरीच्या नावाने युवक शिबिर मात्र आमच्यापैकी बहुतेकांना नको. गुटख्यावर वाद नाही: राज्यात २०१२ पासून बंदी आहे, म्हणजे तो पैसा बेकायदा व्यापाराचाच. विनापरवाना वाळूउपशाचेही तेच. बाकी धंद्यांबद्दल प्रत्येक मंडळीने आपली यादी सर्वसाधारण सभेत ठरवावी. देणगी दारात आल्यावर ठरवायला बसू नये, कारण तेव्हा रक्कम बोलते.

आता हे करायचे कसे. चौकशी म्हणजे पोलिसगिरी, असा गैरसमज आहे. रविवारची थैली आणि दानपेटी यांना हात लावायचा नाही. फक्त दोन नात्यात नसलेल्या माणसांनी मोजावी आणि नोटांच्या तपशिलासह तक्त्यावर सही करावी. १० हजारांच्या वर नाव, पत्ता, पॅन. ५० हजारांच्या वर देणगीदाराचे एका पानाचे निवेदन: पैसा कोणत्या व्यवसायातून आला, कोणाचे देणे थकलेले आहे का, काही अट आहे का, आणि देणगी मागायला कोण गेले होते. २ लाखांच्या वर तीन जणांची छाननी, आणि त्या तिघांत देणगी आणणारा नसावा. हे आकडे आमचे आहेत; लहान मंडळीने ते खाली आणावेत.

छाननीला एक संध्याकाळ पुरते आणि खर्च शून्य. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने जिल्हा न्यायालयातली प्रकरणे शोधता येतात. वर्ष बदलून बदलून पाहावे लागते आणि नावाची स्पेलिंगे दोन-तीन प्रकारे घालावी लागतात, नाहीतर सापडत नाही. बिल्डर असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंदणी आणि तक्रारी दिसतात. कंपनी असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर ती चालू आहे की बंद पडली ते कळते. जीएसटी क्रमांक टाकून नोंदणी रद्द झाली आहे का ते पाहा. नाव सारखे असलेला दुसरा माणूस निघू शकतो, म्हणून सापडलेले कागद देणगीदाराला दाखवून खुलासा घ्या. निकाल लागलेला नसताना कोणाला गुन्हेगार म्हणू नका. "सध्या स्वीकारू शकत नाही" एवढे पुरेसे असते.

न मागता कोणी खात्यात पैसे टाकले तर ते उत्पन्नात धरू नका. अनामत म्हणून वेगळे दाखवा आणि ३० दिवसांत निर्णय घ्या. परत करायचे तर ज्या खात्यातून आले त्याच खात्यात, बँकेमार्फत. रोख नाही, "माझ्या भावाच्या खात्यात टाका" नाही. त्या मार्गाने तुम्ही नकळत पैसा धुऊन द्याल. मात्र तोवर जप्तीचा आदेश निघाला असेल किंवा नोटीस आली असेल तर देणगीदारालाही परत करू नका. सक्षम प्राधिकाऱ्याला लेखी कळवा आणि त्यांच्या किंवा न्यायालयाच्या सांगण्याप्रमाणे जमा करा. तो पैसा ठेवीदारांचा आहे.

घेतलेली देणगी खर्च होऊन गेली असेल तर? भिंत पाडायला आम्ही सांगत नाही. सर्वसाधारण सभेत रक्कम जाहीर करा, ताळेबंदात ती देणे म्हणून दाखवा, दरवर्षी एक हप्ता बाजूला काढा आणि कोनशिला उतरवा. सभागृहाच्या भाड्याचा ठरावीक भाग याला लावता येतो. लग्नसराईत ते भाडे कमी नसते.

कॅथलिक धर्मग्रामांना वेगळे बळ आहे. १९८३ च्या कॅनन लॉमधल्या, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्यातल्या, कलम १२६७ प्रमाणे योग्य कारणाशिवाय अर्पण नाकारता येत नाही, पण योग्य कारण असेल तर नाकारता येते. मोठ्या बाबतीत धर्माधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि अट घातलेले अर्पण स्वीकारायलाही लागते. १२८७ प्रमाणे श्रद्धावंतांनी दिलेल्या पैशाचा हिशेब त्यांना द्यायचा असतो. २ मार्च २०१६ रोजी पोप फ्रान्सिस यांनी लोकांचे शोषण करून मिळवलेल्या पैशाचा धनादेश आणणाऱ्याला तो परत नेऊन जाळायला सांगा, अशा आशयाचे उद्गार काढले होते. जाळू नये, कारण तो पुरावा आहे. बाकी आम्ही सहमत आहोत.

आमच्या मागण्या:

१. वर सांगितलेल्या सभागृहाच्या देणगीचा ठराव स्थगित करावा आणि विषय सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा. त्या सभेत ठेवीदार सभासदांना आधी बोलू द्यावे.

२. प्रत्येक चर्चने देणगी स्वीकारण्याचे लेखी धोरण सभेत मंजूर करून सूचना फलकावर लावावे. एक पान पुरे.

३. २ लाखांवरच्या प्रत्येक देणगीची नोंद, मागणाऱ्याच्या नावासह, वार्षिक हिशेबात सभासदांना दिसावी. वस्तूरूप देणग्या बाजारभावाने लिहाव्यात.

४. चर्चच्या जमिनीचा कोणताही व्यवहार चालू असताना त्यातल्या कोणत्याही पक्षाकडून काहीही घेऊ नये. परवानगीनंतरही दोन वर्षे नाही.

५. जिवंत देणगीदाराचे नाव इमारतीला देऊ नये.

६. बिशपांनी आपल्या डायोसिसमधल्या चर्चसाठी एक छाननी समिती नेमावी आणि तिच्यात किमान एक लेखापरीक्षक व एक वकील असावा. एका चर्चने नाकारलेली देणगी शेजारच्या चर्चमध्ये जाणार नाही, याची हीच एक व्यवस्था आम्हाला दिसते.

७. नाकारलेल्या देणगीमुळे काम अडले तर ते मंडळीला सांगावे. लोक देतात. कमी देतात, हळू देतात, पण आपले देतात.

आमच्या माहितीप्रमाणे त्या सभागृहाचा धनादेश अजून बँकेत भरलेला नाही. धनादेशाची मुदत त्यावरच्या तारखेपासून तीन महिने असते, त्यामुळे घाई करण्याचे कारण नाही. परत करताना दोन्ही बाजूंची छायाप्रत ठेवा, पत्रासोबत पाठवा, पोच घ्या, आणि पत्रात कारण एका वाक्यात लिहा: ठेवीदारांची देणी भागल्याचा कागद घेऊन या, मग विचार करू.

आपले,
चर्चचे हिशेब लिहिणारे आणि तपासणारे काही सभासद
नाशिक